एकशेचौदावा चिमटा

५ ऑक्टोबर २०१४, रविवार

मिळाला! परवा दीक्षाभूमीवरून निघालो ते सरळ सीताबर्डीत. चार दुकानांत "वो क्या होता है?" ऐकलं, पाचव्यानं काउंटरखालून काढून दिला. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा, कडेला वायरी खुपसायची भोकं. नाव रास्पबेरी पाय.

अल्कानं तो चिमटीत धरून पाहिला. "पाय आणलात. बाकीचं धड कधी येणार?"

म्हटलं, हाच पूर्ण कॉम्प्युटर आहे. म्हणे, "मग झाकण कुठंय?" बावीस वर्षांचा संसार, आणि झाकणावर अडलाय.

कोहमाऱ्याच्या देवाजीभाऊंसाठी आहे. एकेकाळी तहसीलसमोर टेबल टाकून मराठी टाइपरायटरवर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. दर रविवारी मी जातो आणि त्यांना 'चिमटा' वाचून दाखवतो — म्हणजे आमच्या साप्ताहिकातलं माझंच सदर. लेखक, वाचक आणि श्रोत्याच्या घरचा चहा पिणारा, तिन्ही मीच. उरलेले सहा दिवस भाऊ काय ऐकतात? हायवेवरचे ट्रक. म्हणून त्यांना वाचून दाखवणारं यंत्र करायचं. आयटीआयत एकोणीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय. एवढं जमलं नाही तर पोरांकडून फी घेणं गुन्हाच.

दोन वर्षांपूर्वी आयटीआयतून निकाली निघालेला एक डेस्कटॉप त्यांच्याकडे नेऊन मांडला होता. तीनदा मेला. खुनी एकच — शामकलावहिनी! घराबाहेर पाऊल टाकलं की मेन स्वीच पाडतात. पाच वर्षांपूर्वी वायर जळून अर्धं छप्पर गेलं, तेव्हापासूनचा नेम. शेळी बांधायला गेल्या, मेन पाड. हापशीवर गेल्या, मेन पाड. म्हटलं, अहो, भाऊ घरात बसलेले असतात ना?

"त्याहिले उजेड कायले लागते?"

भाऊच सगळ्यात मोठ्यानं हसले होते.

७ ऑक्टोबर

आज दिवसभर काढून टाकण्याचं काम. भाऊंना पडदा लागत नाही. पडदा नाही तर त्यावरच्या खिडक्या नकोत, खिडक्या नाहीत तर माऊस कोणाला दाखवायला? रंग नको, चित्रं नकोत, पत्त्यांचा खेळ नको, कोपऱ्यातलं घड्याळ नको. छापखान्याचं सामान नको. इंटरनेट तर कोहमाऱ्यात तसंही नाहीच.

उरला गाभा. पायकोअर नावाची सिस्टीम, सगळी मिळून तीसेक एमबी. मेव्हण्याच्या लग्नाचे दहा फोटो याहून जड आहेत, आणि त्यातही मेव्हणाच जास्त.

पण खरी गंमत पुढेच आहे. ही सिस्टीम मेमरी कार्डावर राहतच नाही. सुरू होताना कार्डावरून उठते, रॅममध्ये जाऊन बसते, आणि मग कार्डाकडे ढुंकून पाहत नाही. आता पाडा मेन! काही मरत नाही. वीज आली की शेवटचं जतन केलं होतं अगदी तिथून उठते, आंघोळ करून आल्यासारखी. मधलं जे जतन केलं नाही ते झालंच नाही, असं समजायचं. निवडणुकीच्या दिवसांत ही सोय कित्येकांना हवी असेल.

शामकलावहिनी, तुमच्या तोडीचा गडी आणलाय.

९ ऑक्टोबर

निवडणूक ड्यूटीचं ट्रेनिंग. तीन तास एकच बटन दाबायला शिकवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बोलणारा प्रोग्राम चढवला. जुन्या टेपचा स्पीकर जोडला. मराठी आवाज त्यात नाहीच, हिंदी आहे. म्हटलं, चालतंय! निम्मं गोंदिया मराठी वाचून हिंदीत बोलतं, हाही बोलेल.

पहिलं वाक्य दिलं — सकाळी डोळे उघडले.

आवाज आला — "सका नऊ तीन तीन ई डो नऊ तीन तीन ए उघडले."

'ळ' त्याला माहीतच नाही! अक्षर ओळखू आलं नाही की बिचारा त्याचा नंबर वाचतो. अल्का स्वयंपाकघरातून ओरडली, "कोणाचा मोबाईल नंबर लावून राहिलात?"

१३ ऑक्टोबर

सोपं होतं. वाचण्याआधी 'ळ' बदलून 'ल' द्यायचा. एक ओळ लिहिली. "सकाली डोले उघडले." ऐकलं आणि अंगावर काटा आला — गोंदियाच्या मार्केटात कापड फाडणारा शेटजी बोलून राहिला! भाऊंच्या घरात दिवसभर शेटजी? नको.

मग हात आपोआप चालला. 'ल' खोडून 'र' केला.

"सकारी डोरे उघडले."

आणि खोलीत माझा मामाच बोलला! आमच्या झाडीपट्टीत 'ळ' म्हणतो कोण? डोरा, कारा, गूर, केरी. सगळं जग यंत्राला शुद्ध बोलायला शिकवून राहिलंय, मी एका ओळीत त्याला खेड्यात आणून सोडला. कितीतरी वेळ एकटाच हसत होतो. अल्कानं येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

१६ ऑक्टोबर

काल मतदान झालं. माझ्या केंद्रावर एका आजोबांनी यंत्राला आधी नमस्कार केला, मग विचारलं, "आता हा सांगन का कोनाले देल्लं?" म्हटलं, हा नाही सांगत. सांगणारा माझ्या घरी आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

मोजणीचा दिवस. कोहमाऱ्याच्या एकूण एक धाब्यावर टीव्ही किंचाळत होते. त्यांच्या मागच्या गल्लीत, भाऊंच्या ओसरीवर, आमचा निकाल.

भाऊंच्या हातात ठेवला. त्यांनी बोटांनी कडा चाचपल्या, भोकं मोजली. "एवढाच? यात मावलं का सगरं?"

"नाही मावलं. काढून टाकलं."

"ते बेस केलं."

वायर लावली. वीस सेकंद. मग स्पीकरमधून — "नमस्कार देवाजीभाऊ. सगरं तयार आहे."

भाऊंनी मान वर केली. "हा कोन्या गावचा हाये गा?"

"तुम्हीच ओळखा."

त्यांनी अजून दोन वाक्यं ऐकली. "सौंदडचा दिसते. शिकलेला हाये, पन सौंदडचा हाये."

वहिनी लांबूनच. "खाते काय तो?" म्हटलं, मोबाईलच्या चार्जरएवढीच वीज. "मंग राहू द्या."

मग मी म्हटलं, वहिनी, मेन पाडा! जन्मात पहिल्यांदा कोणी आपणहून म्हटलं असेल. त्या धावतच गेल्या. खट्. पुन्हा वर. वीस सेकंद — "नमस्कार देवाजीभाऊ." काही गेलं नाही, काही मोडलं नाही! मी ओसरीवर उभं राहून भाषणच ठोकलं — भाऊ, काही बिघडल्यासारखं वाटलं तर डोकं लावायचं नाही, सरळ मेन पाडायचा, जसं जतन केलं तसं उठतं. जतनाचं बटन एफ-टेन, कीबोर्डच्या वरच्या ओळीत, कापूस चिकटवलाय. दाबलं की तो "जतन झालं" म्हणतो. बाणाच्या बटनानं पुढचा लेख, मागचा लेख. आधी नंबर सांगतो, मग वाचतो.

नमुन्याला पाच चिमटे टाकले होते. भाऊंनी अर्धा ऐकला आणि थांबवला. "मास्तर, सगरे टाक. पहिल्यापासून. रविवारी तू निवडून वाचतोस."

निवडून. शब्द साधाच आहे. येताना स्कूटर दोनदा बंद पडली, त्याचा याच्याशी संबंध नाही.

२० ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.

चिमटा नंबर एकशेचौदा, सप्टेंबर २००६. मथळा — 'म्हैस हजर आहे'. तहसीलसमोरच्या टंकलेखकानं एका बाईचा अर्ज लिहून दिला होता. वीज पडून म्हैस मेली, भरपाई मिळावी. टाइप होऊन आलं ते असं — "अर्जदार वीज पडून मरण पावली असून म्हैस वारसांसह उपस्थित आहे." तो कागद माझ्या हाती लागला. सोडतो काय मी? सहाशे शब्द लिहिले. शेवटी हेही लिहिलं की महाशयांचा सकाळचा चहा जरा पिवळाच असावा.

नाव घातलं नव्हतं. तहसीलसमोर मराठी टाइपरायटर एकच होता.

लेख फार गाजला. एसटीत वाचला गेला. लोकांनी भाऊंच्या टेबलाकडे जाणं सोडलं — दारुड्याकडून अर्ज कोण लिहून घेणार? दिवाळीपर्यंत टेबल उठलं. दोन वर्षांनी एक माणूस बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आयटीआयत रेडिओ दुरुस्तीला आला. म्हणाला, "चिमटा तुम्हीच लिहिता ना? मले फार आवडते." नाव विचारलं, धंदा विचारला. मग डोळ्यांचं. "दोन हजार पाचपासूनच ओरी सुटत होत्या. हातानं लिहिलेला कच्चा कागद दिसे नाई. कोनाले सांगितलं नाई, धंदा जाईन म्हून."

थेंबही घेत नाहीत ते.

रेडिओ फुकट दुरुस्त केला. तेव्हापासून दर रविवार. सहा वर्षं. एकशेचौदावा कधी वाचला नाही. तो त्यांना कुणी वाचून दाखवला होता की नाही, ते मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. एवढंच.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुटीत जुन्या फाँटातले पाचशे सव्वीस लेख नव्या अक्षरांत फिरवले. एक प्रोग्राम लिहिला, सगळे घरंगळत आले. स्वतःचं एवढं लेखन एका जागी पाहून जरा दडपलो. पैकी ऐंशी तरी चांगले आहेत. बाकीच्यांत खड्डे, वीज, नगराध्यक्ष नसलेलं गाव आणि जागेवर नसलेला तलाठी.

एकशेचौदाही त्यातच आला. राहू दे. एकापासून ऐकणार, तिथवर पोचायला महिने लागतील. माणूस कंटाळतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

सगळे टाकले. एफ-टेन दाबलं. "जतन झालं."

"आता तू वाचू नोको," भाऊ म्हणाले, "आता नुसता चहा पी."

२ नोव्हेंबर, रविवार

शेहेचाळीस झाले! आठवड्यात! मी आठवड्याला एक लिहितो, हे दिवसाला सहा फस्त करून राहिले.

एक गोष्ट मात्र खटकली. यंत्र सपाट वाचतं. मी जिथं थांबायचो, आवाज चढवायचो, तिथं ते ढिम्म. माझ्या समोर एक लेख लावला — पाणीटंचाईवरचा, हुकमी. ठरलेल्या जागी भाऊ हसलेच नाहीत! पुढं एका फालतू ओळीवर खो खो हसले.

"इथं काय हसण्यासारखं आहे भाऊ?"

"हसाच्या जागा आतापर्यंत तू ठरवत होता. आता मी ठरवून राह्यलो."

वहिनी दाराशी तांदूळ निवडत होत्या. "भाऊजी, यायची बोटं पाहा. तो बोलून राहिला का हे मांडीवर टाइप करतेत." खरंच! दहाही बोटं धोतरावर नाचत होती. ऐकलेलं वाक्य टाइप करत होते.

"मले लिहाचं हाये," भाऊ म्हणाले. एकदम. जसं काही पाणी मागितलं.

५ नोव्हेंबर

त्यांच्या बोटांत जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड आहे, रेमिंग्टनचा. तो बदलायला सांगणं म्हणजे पोस्टमनला साठाव्या वर्षी गाव बदलून देणं. कीबोर्डच त्यांच्यासारखा करायचा. हे यंत्र घरी पडद्याला जोडून पाहिलं तर देवनागरी दाखवू शकत नाही, जोडाक्षरांचा चिवडा करतं. पण पाहणार कोण! आम्हाला ऐकायचंय. न दिसण्याचा एवढा फायदा आजवर कुणी घेतला नसेल.

७ नोव्हेंबर

ऱ्हस्व वेलांटीनं डोकं खाल्लं. टाइपरायटरवर ती आधी दाबतात, अक्षर मागून. कॉम्प्युटरला अक्षर आधी हवं, वेलांटी मागून. त्यामुळं 'किती' लिहिलं की यंत्र घसा खाकरतं. भाऊंची तीस वर्षांची सवय मोडायची की नियम मोडायचा? नियम मोडला. वेलांटी आली की तिला थांबवून ठेवायची, अक्षर येऊ द्यायचं, मग सोडायची. रेल्वे फाटकासारखं. चाललं! मी हुशार आहे, हे इथं लिहायला हरकत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

कीबोर्ड पाटावर ठेवला. भाऊंनी अंगठ्यानं खालची लांब पट्टी शोधली, बोटं टेकवली, आणि सुटले! पाऊस पडावा तसा आवाज. मी तिरका होऊन काय लिहितात ते ऐकत होतो. यंत्र म्हणालं —

"माननीय तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. विषय."

आणि बोटं थांबली.

"काय झालं भाऊ?"

"विषयच नाई सुचत ना गा. आतापर्यंत दुसऱ्याचाच विषय राहे."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. आणि मग रडल्याही, म्हणून मी पेनड्राइव्हचं सांगायला घेतलं — हा खुपसला की एफ-नाइन दाबायचं, लिहिलेलं त्यात उतरतं, मग कुठंही न्या, कोणाच्याही कॉम्प्युटरवर दिसेल. वहिनींनी दोनदा विचारून घेतलं.

निघताना सहज विचारलं, कुठवर आले चिमटे?

"अठ्ठ्याऐंशी."

१३ नोव्हेंबर

गुणाकार करून पाहिला. दिवसाला पाच धरले तर आज एकशेआठ. उद्या एकशेतेरा.

कंटाळणारा माणूस नाही हा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काम फत्ते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. स्पीकरची वायर सैल आहे म्हटलं. भाऊ आंघोळीला गेले, वहिनी मागच्या अंगणात. एकशेचौदा काढून टाकला. एक ओळ, एक एंटर. तीन सेकंद!

एफ-टेन मात्र दाबलं नाही. ते मोठ्यानं "जतन झालं" म्हणतं, आणि न्हाणी भिंतीपलीकडेच. भाऊ विचारणार, काय जतन केलं? नकोच. रोज टाइप करून झालं की ते स्वतःच एफ-टेन दाबतात. त्यांच्या जतनात माझंही जतन होऊन जाईल.

यात चूक काय? मी आख्खी सिस्टीम काढून टाकूनच बनवली. खिडक्या काढल्या, रंग काढले. एक लेख काढला. आठ वर्षांपूर्वीच्या गोष्टीनं आज एका माणसाची झोप घालवायची काय? माणुसकी म्हणून केलं.

अल्काला सांगितलं. ती म्हणाली, "माणुसकी असती तर आंघोळीची वाट पाहिली नसती."

ही बाई सदर लिहीत नाही, हे माझं नशीब.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओसरीवर पोचलो. यंत्र बंद होतं. भाऊ तयार होऊन बसले होते, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून, टेबलावर बसायचे तसे.

"बस मास्तर. शुक्रवारी एकशेतेरा संपला. बटन दाबलं. तो म्हणे, एकशेपंधरा."

मी म्हटलं, फाईल खराब झाली असेल.

"मलेबी तसंच वाटलं. तूच सांगून ठेवलं ना, बिघडलं त डोकं नाई लावाचं. शामकलाले म्हटलं, मेन पाड. पाडला. उठला. एकशेचौदा हजर!"

माझं यंत्र. माझी युक्ती. माझंच भाषण.

"पुरा ऐकला," भाऊ म्हणाले. "म्हशीवर हसलो मी. खरंच हसलो. आठ वर्षांत ते वाक्य कोनी मले वाचून नाई दाखवलं. लोक नुसते 'म्हैस आली, म्हैस आली' म्हणत जात, मले वाटे कोनाची म्हैस! 'म्हैस वारसांसह उपस्थित आहे.' मीच लिहिलं ना ते? जन्मात असं दुसरं नाई लिहिलं."

"भाऊ..."

"थांब. मंग ते पिवऱ्या चहाचं आलं. तो सौंदडवाला कसा वाचते तुले माहीत हाये. सपाट. तू वाचला असता त आवाज असा हलका केला असता, मी हसलोबी असतो. त्यानं जसं हाये तसं वाचलं."

"मला डोळ्यांचं माहीत नव्हतं."

"मीच कोनाले सांगितलं नव्हतं. ते तुह्यावर नाई घालत. पन विचारता त आलं असतं. टेबल तुह्या जान्या-येन्याच्या रस्त्यावर होतं."

आतून वहिनींचा आवाज आला. बाहेर आल्या नाहीत. "त्याच साली मी रोजीनं जायले लागलो, भाऊजी. मले वाटे, देवानंच लोकायची मती फिरवली."

टेबल माझ्या लेखानं उठवलं हे वहिनींनी शुक्रवारी पहिल्यांदा ऐकलं. सहा वर्षं त्या मला चहा देत होत्या.

भाऊंची बोटं आज मांडीवर नाचत नव्हती. "एक सांग. लिहिलं तवा तुले माहीत नव्हतं. काढलं तवा त माहीत होतं ना. मंग काऊन काढलं?"

पाचशे सव्वीस लेख लिहिले मी. उत्तर एक ओळीचं होतं, मी स्पीकरची वायर ओढून पाहत बसलो.

"चहा घेऊन जा," ते म्हणाले. चहा आला. मी घेतला आणि गेलो.

१७ नोव्हेंबर

दुसऱ्या वर्षाला रेझिस्टरचे रंग शिकवले. चुकीचे शिकवले. एका पोरानं सांगितलं.

१८ नोव्हेंबर

अल्का म्हणाली, "जाऊन माफी मागा." मी म्हटलं, मागतोच. म्हणाली, "लेखासारखी नका मागू. शेवटी टाळी येईल अशी."

कोहमाऱ्यापर्यंत गेलो. पहिल्या धाब्यावर गाडी लावली, डाळ-भात खाल्ला, परत आलो. त्याआधी गल्लीपर्यंत चालत गेलो होतो; ओसरीवरून टाइपिंगचा आवाज येत होता. थांबून थांबून नाही. एकसारखा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज लेख द्यायचा दिवस. चार सुरुवाती केल्या. पहिलीत तलाठी, दुसरीत तलाठी, तिसरीत रस्ता. चौथीत मी. चौथी तीन ओळींपुढं गेली नाही. दुसऱ्याच्या अंगावर जी लेखणी सुरीसारखी चालते ती स्वतःवर आणली की चमचा होते!

दहा वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. बाप गेला त्या आठवड्यातही दिला होता.

२१ नोव्हेंबर

दिला नाही. संपादक टेकचंदजींना कळवायलाही तोंड नव्हतं. फोन बंद करून ठेवला. उद्याच्या अंकात चिमट्याच्या जागी खताची जाहिरात येईल आणि निम्म्या वाचकांना फरक कळणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोन सुरू केला आणि लगेच वाजला. टेकचंदजी, गोंदियाहून. "रत्नपालजी, क्या लिखा है! स्वतःची एवढी सालटी काढणारा लेखक मी नाही पाहिला. सकाळपासून सात फोन आले. आणि टायपिंगमध्ये एक भी गलती नहीं, पहली बार! तुमची ती कोहमाऱ्याची बाई पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं आली, पाणीसुद्धा न पिता गेली — म्हणाली, मास्तरचा चिमटा हाये, जसा हाये तसा छापजा, कायबी काढू नोका. छापला."

अंक अजून पाहिला नाही. स्कूटर काढून ठेवली आहे. अल्का शेजारच्यांकडून अंक आणायला गेली होती. ती दारात उभी राहून वाचते आहे, आणि हसते आहे — मी कधीच न ठरवलेल्या जागी.